चौथ्या मजल्यावरचं गाऱ्हाणं

‘आवाज येतोय का?’ हा प्रश्न मी रोज दिवसभर ऐकते, कारण माझी नोकरीच ती आहे. एका कंपनीत नेटवर्क सपोर्टचं काम करते, तेही घरून. लोक फोन करून आवाज तुटतोय म्हणून ओरडतात, आणि इकडून निघालेला आवाज तिकडे पोचेपर्यंत कुठे अडकला ते मी शोधते. बहुतेक वेळा तो कुठेच अडकलेला नसतो, साहेबांनी स्वतःचाच माइक बंद ठेवलेला असतो. माणसांपेक्षा मशीन परवडली, हे माझं मत या नोकरीनेच बनवलंय. त्यामुळे एका गणपतीत चौथ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर आवाज न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. 

आम्ही विरार पूर्वेला, फुलपाड्यात राहतो. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर माझे मोठे भावजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, जाऊबाई आणि त्यांची मुलगी. चौथ्यावर मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. दोन्ही भावांनी एकाच बिल्डिंगमध्ये घर घ्यायचं, हा आबांचाच हट्ट होता. सासरचे तळकोकणातले, मालवणी बोलणारे. माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न झाल्यावर पहिली दोनेक वर्षं मला जेवणाच्या ताटावर काय बोललं जातंय ते अर्धंच कळायचं, आणि उरलेलं अर्धं माझ्याचबद्दल आहे असं मी धरून चालायचे.

गणपती थोरल्याच्या घरी बसतो, पाच दिवसांचा. पूजा झाली की नैवेद्याआधी आबा गाऱ्हाणं घालणार, हा रिवाज. माझ्या माहेरी गाऱ्हाणं सांगतात ते शेजारणीला, तेही कुणाच्या तरी पाठीमागे. इथे घरातला वडील माणूस देवासमोर उभा राहून सगळ्या कुटुंबाच्या वतीने, खड्या आवाजात, एकेकाचं नाव घेऊन मागणं मागतो. याला नोकरीत यश दे, तिचं लग्न जमू दे, वाटेत कुणी आडवं आलं असेल तर बाजूला कर. प्रत्येक मागणीच्या शेवटी ‘रे म्हाराजा’ आलं की बाकीच्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. एकट्याच्या मागण्याला किंमत नाही, सगळ्यांचा व्हय त्यावर पडला की मगच ते देवाकडे गेलं, अशी समजूत. पहिल्या वर्षी मला याचं हसू आलं होतं. मग हळूहळू मीच सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हणायला लागले, कारण अर्ध्या गोष्टी अजूनही कळत नसल्या तरी एवढं तर मला नक्की जमत होतं.

त्या वर्षी आबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बिल्डिंगमधल्या चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर चढवलं, आणि तिथून ते खाली उतरले नाहीत. आंघोळ नवरा घालायचा. बाकी सगळं माझ्याकडे आलं, कारण मी घरी असते. जेवण, गोळ्या, चादरी, भांडं देणं, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालवणं. एका कानाला हेडसेट आणि दुसरा कान आबांच्या खोलीकडे, असं माझं चाललेलं. मी करत होते, पण हसतमुखाने करत होते असं म्हटलं तर खोटं होईल. मी चिडायचे, भांडी आपटायचे, आणि दाराआड गेले की मोठ्याने सुस्कारे टाकायचे. भिंती पातळ आहेत हे माझ्या लक्षातही यायचं नाही.

गणपती जवळ आले तसा प्रश्न उभा राहिला की गाऱ्हाणं कोण घालणार. मोठे भावजी कामणच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. तिथे शंभर माणसांवर ओरडतात, पण देवासमोर त्यांचं तोंड उघडत नाही. माझा नवरा त्याहून मुका. आबा म्हणाले, “मी जित्तो आसय ना? मगे मीच घालतलय.”

आधी फोनवर करून पाहिलं. मध्येच कुणाचा तरी कॉल आला, आवाज पिचका झाला आणि आबा उखडले. “फोनवर गाऱ्हाणा घालतत काय कोण? देवाक काय मोबाइलचो नंबर आसा?”

मग मी माझ्या पद्धतीने लागले. आमच्याच कनेक्शनची एक वायर डक्टमधून खाली भावजींच्या घरात सोडलेली होतीच, म्हणजे दोन्ही घरं एकाच नेटवर्कवर. आबांच्या उशाशी माझा जुना लॅपटॉप ठेवला, खाली पुतणीचा कॉम्प्युटर गणपतीच्या मखराशेजारी, त्याला मोठे स्पीकर. एक फुकटचा प्रोग्रॅम दोन्हीकडे टाकला. लॅपटॉपमध्ये बोललेलं कॉम्प्युटरमधून ऐकू येणार, बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी. हे भावजींच्या पचनी पडेना. “नेटच नाही तर आवाज कुठून जाणार? काहीतरी बोलू नको.” मी त्यांना वायर दाखवली. त्यांनी ती हातात धरून, वर-खाली बघून, सोडून दिली.

आबांची अट वेगळीच होती. “माका तुमचो व्हय आयकाक येवक होयो. व्हय नाय तर गाऱ्हाणा कसला?” म्हणून खाली एक माइक लावून उलट दिशेनेही तसंच केलं, खालचा आवाज वर. खालचा आवाज आबांच्या माइकमधून फिरून परत खाली घुमू नये म्हणून त्यांना माझा हेडफोन लावला. कपाळाला अष्टगंध आणि कानावर हेडफोन, असे आबा उशीला टेकून बसले तेव्हा नवऱ्याने फोटो काढला. आबा छान हसले होते.

एकच अडचण राहिली. आवाज तुटू नये म्हणून मशीन तो थोडा साठवून मग पुढे सोडते. आधी टाकी भरायची आणि मग नळ सोडायचा, तसं. त्यामुळे वर बोललेलं खाली पोचायला दोन-तीन सेकंद लागायचे, आणि खालचं वर जायलाही तेवढेच. तालमीत सगळे गोंधळले. कुणी आधी व्हय म्हणे, कुणी नंतर. शेवटी मीच वैतागून सांगितलं, “आबा काय म्हणतात तिकडे लक्षच देऊ नका. आवाज थांबला की व्हय म्हणायचं. बाकी मी बघते.” जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, “नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. आम्हाला तेच तर येतं!” माझी युक्ती मात्र लागू पडली. दुसऱ्या तालमीत सगळ्यांचा व्हय एकदम पडला, आणि मला माझाच अभिमान वाटला.

चतुर्थीला पूजा झाली. भावजींचा हॉल माणसांनी भरलेला. शेजारचे, वरचे, पुतणीच्या मैत्रिणी. केळीच्या पानावर मोदक वाढलेले, जाऊबाईंच्या हातात आरतीचं ताट. मी कॉम्प्युटरपाशी उभी, वर आबांना हेडफोन नीट लावून आलेली. स्पीकरमधून आबांचा आवाज आला तेव्हा लोक चक्क चमकले. इतका स्वच्छ, जणू मखरामागूनच येतोय.

“बा देवा म्हाराजा! आज जी काय ह्या लेकरांनी तुझी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मोठ्या झिलाच्या कामात कोण आडवो इलो आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“नातीची बारावी आसा. तिका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

चाल लागली होती. कुणी घाम पुसत होतं, कुणी शूटिंग करत होतं, भावजी वायरीकडे बघत होते. माझं लक्ष पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर होतं. आवाज आला की ती उड्या मारते, थांबला की खाली बसते. ती खाली बसली की मी व्हय म्हणत होते आणि माझं बघून बाकीचे.

“धाकटी सून माझा सगळा करता. तिका दिवस नाय, रात नाय. तिचे हाल आता माझ्यान बघवनत नाय. तर पाचव्या दिसा तू जातलस, तेव्हा माका तुझ्या वांगडा घेवन जा रे म्हाराजा!”

पट्टी खाली बसली.

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांचा एकदम, एका सुरात, हॉल दणाणून टाकणारा. सगळ्यांत मोठा माझा.

अर्थ नंतर आला. वांगडा म्हणजे सोबत. पाचव्या दिवशी तू जाशील तेव्हा मला सोबत घेऊन जा. जाऊबाईंच्या हातातलं ताट तिरकं झालं आणि निरांजन कलंडलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझं एक डोकं, ते नोकरीतलं, अजून चालू होतं आणि ते मला सांगत होतं की आमचा व्हय अजून वर पोचलेला नाही. तो वाटेत आहे. दोन-तीन सेकंद. वायर माझ्या हाताशी होती, ओढली असती तर तो तिथेच मेला असता. मी रोज याहून कमी वेळात लोकांची लाइन तोडते. माझा हात उचललाच गेला नाही. मी उभी राहिले आणि तो व्हय जाताना बघत राहिले.

मग स्पीकरमधून आबांचा आवाज आला, अगदी शांत. “बरां झाला.” आणि त्यांनी गाऱ्हाणं रीतसर पुरं केलं, चुकलं माकलं पदरात घे म्हणाले. त्याला कुणाच्याही तोंडून व्हय निघाला नाही.

आम्ही दोघं धावत वर गेलो. आबांनी हेडफोन काढून नीट घडी करून ठेवला होता. चेहऱ्यावर समाधान, इतकं की मला भीती वाटली. आमचे रिकामे हात बघून म्हणाले, “मोदक हाडलास?”

नवरा म्हणाला, “आबा, ते सवयीने म्हटलं सगळ्यांनी. कुणाचं लक्षच नव्हतं.”

“देवाच्या म्होरचो व्हय सवयीचो नसता.”

मला राग आवरेना. “आणि मला विचारलंत? माझं नाव घेऊन मागितलंत ना? मला एका शब्दाने विचारलंत का?”

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “इचारलंय मगो. तू व्हय म्हटलंस.”

माझ्या तोंडून तो व्हय सवयीने गेला हे खरं असलं, तरी इतके दिवस भिंतीपलीकडे जे सुस्कारे ऐकू गेले होते ते काही सवयीचे नव्हते. ते आबांनी मोजून ठेवले होते हे कळल्यावर मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी वॉकरला हात लावला नाही. भांडण नाही, रुसवा नाही. “आता कित्याक?” एवढंच. घड्याळ काढून पुतणीला दिलं, बारावीच्या पेपराला लाव म्हणून. जेवण चिमणीसारखं, तेही मी समोर बसले तर. भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि हाक मारली की वळून छान हसायचे. ते हसणं मला सहन होईना. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, तब्येत उत्तम आहे, चालवा त्यांना. चालवणार कसं? माणसाने निघायची तयारी केली होती आणि परवानगी आम्हीच दिली होती.

मी देवभोळी नाही. विसर्जनाला कुणी देवासोबत जात नाही हे मला कळतं. पण माणूस मनाने निघाला की शरीर किती दिवस मागे राहतं, हेही मी माझ्या आजोळी पाहिलेलं आहे. खाली जाऊबाई तर रडूनच अर्ध्या झाल्या. “बोलाफुलाला गाठ पडायला वेळ लागत नाही गं,” म्हणायच्या, आणि पुन्हा पदर डोळ्यांना. भावजी रोज कामावरून आले की आधी चौथ्या मजल्यावर येत, आबांच्या खाटेशी उभे राहत, काही बोलायचं म्हणून पंखा कमी-जास्त करत आणि खाली जात. घरात आरत्या चालू होत्या, पण एकमेकांच्या नजरा सगळे चुकवत होते.

पाचवा दिवस आला. गणपती उठवण्याआधीही गाऱ्हाणं घालावं लागतं. सकाळीच आबांनी सांगून टाकलं, “माझा घालून झाला. आता मोठ्यान घालूचा.” तरी मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. म्हटलं, निदान ऐका तरी. त्यांनी तो काढला नाही. मी वॉकर खाटेला लावून ठेवला, फ्लॅटचं दार उघडंच ठेवलं, कारण सगळ्यांची वर-खाली ये-जा चाललेली, आणि खाली आले.

भावजी पाटासमोर उभे राहिले. “बा देवा म्हाराजा,” म्हणाले आणि अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. मग त्यांच्या खांद्यांवरून कळलं की ते रडताहेत. नवऱ्याने मान खाली घातली होती. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. आणि मला आला राग. आबांचा, देवाचा, माझा, त्या हिरव्या पट्टीचा. मी भावजींना बाजूला केलं. त्या घरात बाईने गाऱ्हाणं घातलेलं नाही हे मला माहीत होतं. मालवणी मला नीट येत नाही हेही. मी माइक जवळ ओढला आणि माझ्या भाषेत सुरू केलं.

“बा देवा महाराजा, चतुर्थीला या घरात जो व्हय झाला तो कान न देता झाला. मीच सांगितलं होतं लक्ष देऊ नका म्हणून. तो व्हय आम्ही परत घेतोय रे महाराजा!”

क्षणभर कुणाला कळेना. मग जाऊबाईंचा आवाज फुटला, “व्हय म्हाराजा!” आणि पाठोपाठ सगळ्यांचा.

“माझे हाल होतात हे खरं आहे. मी चिडते, भांडी आपटते, तेही खरं. माणूस थकतं महाराजा. पण थकलं म्हणजे नको झालं असं होत नाही. मला थकू दे, मला चिडू दे, आणि माझा सासरा माझ्या घरात असू दे रे महाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी प्रत्येक जण ऐकून म्हणत होता. भावजी तर ओरडले.

“उद्या सकाळी त्यांनी वॉकर धरून उभं राहायचं. आणि पुढच्या वर्षी तुझ्यासमोर गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं, चौघांना खुर्ची उचलायला लागली तरी चालेल. आता या मागणीवर खालचा व्हय नको. हा व्हय वरून येऊ दे रे महाराजा!”

मी पट्टीकडे पाहिलं. माझं बोलणं वर पोचायला दोन-तीन सेकंद, तिकडचं यायला तेवढेच. तेवढे गेले. आणखी गेले. पट्टी तळाशी थरथरत होती, म्हणजे लाइन चालू होती, वर पंखा फिरत होता. गप्प होते ते आबाच.

मग स्पीकरमध्ये काहीतरी खरखरलं, हेडफोन ओढल्यासारखं. आणि पाठोपाठ एक मोठा आवाज झाला, लोखंड फरशीवर आदळल्याचा.

आबा पडले. आणि हा आवाज आम्हाला आत्ता आलाय, म्हणजे ते केव्हाच पडलेत, आम्ही इथे उभे असताना पडलेत. नवरा दाराकडे धावला, भावजी त्याच्यामागे, कुणाचा तरी पाय लागून समई लवंडली. मी ‘आबा, आबा’ ओरडत होते, तेही माइकमध्ये, जणू त्यांच्या कानात अजून हेडफोन असणार होता.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. वरून, चौथ्या मजल्यावरून, रेलिंगवरून वाकून हाक मारावी तसा. आधी वॉकरचे ठोके, मघाशी आदळलेलं लोखंड तेच, मग धापा, आणि मग आबांचा तो खडा आवाज, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा.

“व्हय म्हाराजा!”

नवरा पायरीवरच थांबला. आम्ही सगळे दाराकडे तोंड करून उभे राहिलो. कुणाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत आमच्या पाठीमागे, मखराशेजारच्या स्पीकरमधून, तोच व्हय दोन-तीन सेकंद उशिरा, लांबून, बारीक, पुन्हा एकदा आला.